सियालदहची गर्दी आणि बरानगरचे यंत्र

कोलकात्याच्या सियालदह स्थानकातून निघालेली लोकलगाडी दमदमनंतर दानकुनीच्या मार्गाला वळली की बरानगर रोड हे स्थानक येते. सियालदहची गर्दी देशभर प्रसिद्ध आहे. बरानगरचे नाव आपल्याकडे क्वचितच कोणी ऐकले असेल. तथापि भारतातील संगणकाचा इतिहास सांगायचा तर या दोन ठिकाणांपासूनच आरंभ करणे उचित ठरते. कारण आपल्या देशात संगणक आला तो माणसे मोजण्याच्या गरजेतून.

१९४३ च्या भीषण दुष्काळात खेड्यापाड्यांतील भुकेली माणसे कोलकात्याच्या रस्त्यांवर आली. पुढे १९४७ मध्ये फाळणी झाली आणि पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी सियालदहचे फलाटच आपले घर केले. ही माणसे किती, त्यांनी काय गमावले, त्यांना कशाची गरज आहे, या प्रश्नांची उत्तरे केवळ करुणेने मिळणारी नव्हती. त्यासाठी आकडे हवे होते. सियालदहपासून जवळच असलेल्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती. दुष्काळाच्या परिणामांची पाहणी या संस्थेने केली आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू करण्यातही महालनोबीस अग्रभागी होते. शितावरून भाताची परीक्षा करण्याची रीत आपल्या स्वयंपाकघरात जुनीच आहे. तिला गणिती शिस्त लावली, की थोडी घरे काळजीपूर्वक निवडून साऱ्या देशाच्या परिस्थितीचा अंदाज बांधता येतो.

मात्र निवडलेली घरेही हजारोंच्या संख्येत होती आणि प्रत्येक घराची माहिती म्हणजे आकड्यांची लांबलचक ओळ. ही आकडेमोड माणसेच करीत. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द मुळात अशा हिशेबनिसांसाठीच वापरला जाई. यंत्राला ते नाव नंतर मिळाले. अमेरिकेतही हीच अडचण आली होती. तेथील १८८० च्या जनगणनेचे तक्ते तयार होण्यास अनेक वर्षे लागली. म्हणून १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ यांनी छिद्रे पाडलेली कार्डे वाचणारे यंत्र वापरले. त्यांची यंत्रे ब्रिटनमध्ये चालविणाऱ्या ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीने पुढे अँड्र्यू बूथ यांच्या आराखड्यावरून इलेक्ट्रॉनिक संगणक बनविला. त्याचे नाव हॉलरिथ इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर, संक्षेपाने ‘एचईसी’.

याच मालिकेतील ‘एचईसी-२एम’ हे यंत्र १९५५-५६ च्या सुमारास बरानगरच्या संस्थेत दाखल झाले. भारतातील हा पहिला अंकीय संगणक. त्याआधी १९५३ मध्ये समरेंद्रकुमार मित्र यांनी संस्थेतच दहा चलांची समीकरणे सोडविणारे सदृश पद्धतीचे यंत्र घडविले होते. त्यामुळे भूमी तयार होती. नव्या यंत्राला पडदा नव्हता, कळफलकही नव्हता. त्याची स्मृती म्हणजे फिरणारे चुंबकीय पिंप, आणि त्यात मावत अवघे १,०२४ शब्द. आज्ञा यंत्राच्याच अंकभाषेत लिहून कार्डांवर टोचाव्या लागत. एक छिद्र चुकले तर उत्तर चुकले. यंत्र तक्रार करीत नसे. त्यानंतर सोव्हिएत संघातून ‘उराल’ हा संगणक आला आणि १९६६ मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने ‘इसिजू-१’ हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक कोलकात्यातच तयार झाला.

त्याच काळात आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंते स्वतःचा संगणक उभारीत होते. त्याची प्रायोगिक आवृत्ती १९५६ मध्ये चालू झाली, पूर्ण यंत्र १९६० मध्ये सिद्ध झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. कोलकात्याने यंत्राला काम दिले, मुंबईने ते घडविण्याचा आत्मविश्वास दिला.

परंतु ज्या नगरीत संगणक प्रथम आला, त्याच नगरीत त्याला कडवा विरोधही झाला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयुर्विमा महामंडळाच्या इलाको हाउस या इमारतीत संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा ठेवला. या विरोधाला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. बेकारीने ग्रासलेल्या त्या शहरात एका कारकुनाच्या पगारावर सारे घर चाले. आकडेमोड यंत्राने केली तर आकडेमोड करणाऱ्याने काय करावे, हा त्यांचा प्रश्न खरा होता.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांच्याकडे आले. समितीचा अहवाल १९७२ मध्ये सादर झाला. याच दांडेकरांनी नीळकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला होता, आणि त्याचा आधार होता राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे. यंत्राने हलके केलेले काम आणि यंत्रामुळे धास्तावलेला माणूस, या दोहोंचा विचार एकाच अभ्यासकाला करावा लागला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढील वाटचाल आपल्यापैकी अनेकांनी स्वतः पाहिली आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिल्लीपाठोपाठ मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे रेल्वेचे आरक्षण संगणकावर गेले आणि जाडजूड वह्यांतून जागा शोधण्याचे दिवस सरले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक साकार झाला. आज बरानगरच्या त्या यंत्राहून कितीतरी अधिक स्मृती शाळकरी मुलाच्या हातातील मोबाइलमध्ये असते.

आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवाच्या या वर्षी अनेक पालक कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी चिंतेने विचारतात, की आमच्या मुलांना पुढे काम उरेल काय? इलाको हाउसबाहेर पहारा देणाऱ्यांचा प्रश्न हाच होता. इतिहास त्याचे तयार उत्तर देत नाही. तो एवढेच दाखवितो, की यंत्राने बेरीज केली, पण फलाटावरील माणसांची विचारपूस करावी, त्यांच्या घरी जाऊन नीट प्रश्न विचारावेत आणि मिळालेली उत्तरे प्रामाणिकपणे नोंदवावीत, हे माणसांनीच ठरविले. आपल्या वर्गांतून गणिताबरोबर ही सवयही मुलांना लागावी, एवढी काळजी शाळेने आणि घराने मिळून घ्यावयाची आहे.