स्वादुपिंडातलं घड्याळ कसं सापडलं?

"डॉक्टर, जेवण तेच, गोळ्या त्याच. मग रात्रपाळीच्या आठवड्यातच शुगर का वाढते?" हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर नवा नाही. थळचा खत कारखाना आणि न्हावा शेवा बंदर 1980 च्या दशकात सुरू झालं, आणि अलिबाग-उरणकडच्या कितीतरी घरांत पाळ्यांचं वेळापत्रक आलं. कोळीवाड्यात तर ते आधीपासूनच होतं. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे होडी कधी पहाटे सुटते, कधी मध्यरात्री. घरचे मात्र म्हणतात, "बाहेर काहीतरी खात असणार!" दरवेळी तसं नसतं.

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात झाली चिलटापासून. पिकल्या आंब्याभोवती घोंगावतं तेच, म्हणजे फळमाशी. 1971 मध्ये कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांना तीन प्रकारच्या विचित्र माश्या मिळाल्या. एका प्रकारचा 'दिवस' 19 तासांचा, दुसऱ्याचा 28 तासांचा, आणि तिसऱ्याला दिवसरात्रीचा पत्ताच नाही. बिघाड तिन्हींत एकाच जनुकात होता. त्याला नाव मिळालं 'पीरियड'. (याच बेंझर यांच्याबरोबर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या ओबेद सिद्दिकी यांनीही फळमाश्यांवर काम केलं. विषय वेगळा होता, पण माशी तीच.)

1984 मध्ये हे जनुक वेगळं करता आलं, आणि त्या कामाला 2017 चं नोबेल मिळालं. 1997 मध्ये उंदरांतलं 'क्लॉक' जनुक सापडलं. मेंदूत एक मुख्य घड्याळ आहे आणि ते उजेडावर लावलं जातं, हे 1972 पासून माहीत होतं. पण पुढे कळलं की यकृत, स्नायू, स्वादुपिंड अशा अवयवांच्या पेशींतही आपापली घड्याळं आहेत.

आपल्यासाठी महत्त्वाचा प्रयोग 2010 चा. अमेरिकेत जोसेफ बास यांच्या गटाने उंदरांच्या फक्त स्वादुपिंडातलं 'बीमॅल-1' हे घड्याळाचं जनुक काढून टाकलं. मेंदूचं घड्याळ शाबूत होतं. उंदीर लठ्ठही झाले नाहीत. तरी त्यांना मधुमेह झाला! बीटा पेशींत इन्सुलिन होतं, पण साखर वाढल्यावर ते पुरेसं बाहेर सोडलं जात नव्हतं. गोदाम भरलेलं, पण दार उघडायला माणूस नाही, असं समजा.

आता, रात्रपाळी म्हणजे जनुक काढून टाकणं नव्हे. माणसात अपुरी झोप, रात्रीचा उजेड, अवेळी जेवण हे सगळं एकत्र येतं. तरीही 2009 मध्ये बोस्टनला 10 स्वयंसेवकांवर झालेला प्रयोग मला बोलका वाटतो. त्यांचं झोपणं-जेवण 12 तासांनी उलटं झालं, तेव्हा जेवणानंतरची साखर वाढली. काही जणांची तर अवघ्या काही दिवसांत मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोचली.

म्हणून तुम्ही पाळीवर किंवा होडीवर जात असाल तर भरपेट जेवण कामावर निघण्याआधी घ्या आणि मध्यरात्री हलकंच खा. इन्सुलिनची किंवा गोळीची वेळ मात्र स्वतःहून बदलू नका, शुगर एकदम उतरू शकते. आणि तपासणीला येताना रिपोर्टच्या कोपऱ्यात लिहून आणा : त्या आठवड्यात कोणती पाळी होती, आणि शेवटचं जेवण किती वाजता झालं.