माकडाच्या नावाचा ताप

आजारांना नावं कशी पडतात, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. मी डॉक्टर नाही, प्राणिशास्त्रज्ञही नाही. कविता लिहितो, त्यामुळे शब्दांशी रोजचा व्यवहार. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली एका तापाची साथ आली. तिला सगळे 'माकडताप' म्हणू लागले. त्या साथीविषयी वाचताना मी या शब्दापाशीच अडलो. हा ताप खरंच माकडानं आणला का? उत्तर शोधायला निघालो, तर आधी आपल्या नाशिकच्या प्लेगपर्यंत मागं जावं लागलं.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीला आला आणि बघता बघता मुलखात पसरला. आपला जिल्हाही सुटला नाही. भगूरला १८९९ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांचे वडील दामोदरपंत प्लेगनं गेले. अशी किती घरं त्या वर्षांत बसली असतील! माझी आजी आपल्या आईकडून ऐकलेल्या गोष्टी सांताना या साथीला 'ताऊन' म्हणायची. शेजारच्या घरांत तिलाच 'गाठीचा ताप' म्हणत. शब्द निराळे असले, तरी खूण दोन्ही घरांना एकच ठाऊक होती : 'उंदीर पडले'. आढ्यावरून उंदीर पटापट मरून पडू लागले, की शहाणी माणसं घराला कुलूप घालून माळावर झोपड्यांत राहायला जात.

सरकारला मात्र या खुणेचा अर्थ लागला नव्हता. घरं धुवून काढणं, सामान जाळणं, घरात शिरून रोगी शोधणं असे उपाय चालू होते. त्यातून लोक किती चिडले, हे पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री दिसलं. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं प्रयोग करून दाखवलं, की मेलेल्या उंदराचं अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधतात. रोग जातो तो त्यांच्या चाव्यातून. त्याच्यावर कुणी चटकन विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत प्लेग संशोधन आयोगानं रीतसर प्रयोग केले, तेव्हा कुठे ही गोष्ट मान्य झाली.

पण एक कोडं उरलंच. घरातला उंदीर जर प्लेगनं स्वतःच मरत असेल, तर दोन साथींच्या मधल्या वर्षांत रोग राहतो कुठे? याचं उत्तर पुढं शेताच्या बांधांवर सापडलं. तिथे बिळं करून राहणाऱ्या काही रानउंदरांच्या अंगात हा रोग असतो, पण ते त्याला बरेचसे पुरून उरतात. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग निघाला. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर रिकामी पडलेली घरं, त्यांत साठलेलं धान्य आणि त्यावर वाढलेले उंदीर यांच्याकडे तेव्हा जाणकारांनी बोट दाखवलं होतं. रानातला आणि घरातला उंदीर एकत्र आले, की रानातली पिसू गावात येते.

मंडळी, हे एवढं लांबण मुद्दाम लावलं. जो प्राणी डोळ्यांदेखत मरतो तो एक, आणि रोगाला गुपचूप सांभाळतो तो दुसराच. प्लेगचा हा धडा ध्यानात ठेवला, की माकडतापाची गोष्ट सोपी होते. फक्त पिसवेच्या जागी गोचीड धरायची.

ही गोष्ट सुरू होते १९५७ साली, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात. सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात वानरं आणि माकडं मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापानं फणफणली. लोक कन्नडमध्ये 'मंगन कायिले' म्हणू लागले, म्हणजे माकडाचा रोग. पुण्याला १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र स्थापन झालं होतं. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. तिथली माणसं धावली. मनात एक धास्ती होती. माकडं मरतात आणि माणसंही मरतात, म्हणजे आफ्रिका-अमेरिकेतला पीतज्वर तर भारतात शिरला नाही ना? तपासणीत तो पीतज्वर नव्हता. टेलफोर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांना सापडलेला विषाणू रशियाच्या जंगलांत गोचिडींमधून पसरणाऱ्या मेंदूज्वराचा भाऊबंद निघाला. सह्याद्रीत त्याची ने-आण करणारी मुख्य गोचीड म्हणजे हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा.

मग खरं चिकाटीचं काम सुरू झालं. रानात पिंजरे लावायचे, रानउंदीर, चिचुंद्र्या, खारी पकडायच्या, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी मोजायच्या, रक्त तपासायचं. पालापाचोळ्यावरून पांढरं फडकं ओढत न्यायचं आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी वेचायच्या. या कामात संशोधकांपैकी आणि प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांपैकी अनेकांना हाच ताप आला. त्यांच्या कष्टांतून जे हाती लागलं, ते असं.

गोचिडीची मादी पाचोळ्यात अंडी घालते. त्यांतून निघालेली सहा पायांची पिल्लं विषाणू घेऊन जन्मत नाहीत, निदान या जातीत तरी तसं फारसं आढळलेलं नाही. त्यांना तो मिळतो पहिल्या जेवणात. जमिनीलगतच्या या पिल्लांना पहिलं जेवण बहुधा कोण देतं? पाचोळ्यातून पळणारा रानउंदीर, चिचुंद्री, जमिनीवर चरणारे पक्षी. अशा लहान जिवांच्या रक्तात विषाणू असला, तरी ते सहसा मरत नाहीत. पोट भरलं की पिल्लू गळून पडतं, कात टाकतं आणि आठ पायांचं होऊन पुन्हा गवताच्या टोकाशी वाट बघत बसतं. याच वयाची गोचीड माणसाला चावते, माकडालाही चावते. माकड दगावतं, आणि त्याच्या अंगावरून गळालेल्या गोचिडी त्या जागेभोवती पसरतात. म्हणून मेलेल्या माकडाच्या आसपासचा भाग सर्वांत धोक्याचा.

गुरांचाही यात वाटा आहे. त्यांच्या अंगात विषाणू फारसा वाढत नाही, पण मोठ्या झालेल्या गोचिडींना पोटभर रक्त तिथंच मिळतं. होर्हे बोशेल या संशोधकानं १९६९ मध्येच मांडलं होतं, की जंगल तोडून शेती आत सरकली, गुरं चरायला आत गेली, म्हणून गोचिडी वाढल्या आणि रोग माणसापर्यंत पोचला. रानउंदीर तिथं आधीपासून होताच. त्याच्या दारात आपण गेलो.

कित्येक वर्षं हा ताप शिमोगा आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांपुरता मानला जाई. २०१२ नंतर तो तमिळनाडू आणि केरळच्या डोंगरांत दिसला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पाळी गावात आला, २०१६ मध्ये दोडामार्गात आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याकडे. महिने बघा : डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत. लहान गोचिडींचा हंगाम हाच, आणि कोकणात काजू वेचण्याचा, भाजावळीसाठी पातेरा गोळा करण्याचा हंगामही हाच. आपल्याकडे पेठ-सुरगाण्यात राब भाजायला पालापाचोळा आणतात, तसंच ते काम. वाकून, हातांनी, बहुधा अनवाणी करायचं. म्हणजे ताप गाठतो तो मजुरीवर बागेत जाणाऱ्या बाईला आणि गुराख्याला. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही, हाच काय तो दिलासा. कर्नाटकात १९९० पासून वापरात असलेली लस पुरेशी परिणामकारक नसल्यानं २०२२ मध्ये थांबवण्यात आली, आणि नव्या लशीवर काम सुरू झालं.

नावाची ही गफलत आपल्याकडेच होते असं नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावावरून ओळखला जाणारा आजार १९७५ च्या सुमारास पुढं आला. तो पसरवणाऱ्या गोचिडीला लोक 'हरणाची गोचीड' म्हणतात. प्रत्यक्षात हरणं गोचिडींची संख्या वाढवतात. त्यांना रोगाचे जंतू मिळतात ते मुख्यतः पांढऱ्या पायांच्या एका लहानशा उंदराकडून.

नावानं काय बिघडतं, असं कुणी विचारील. माकडतापाचं नाव ऐकून माणूस माकडाला हाकलतो, दगड मारतो, मेलेलं दिसलं तर गुपचूप पुरून टाकतो. आणि नेमकी तीच गोष्ट करायची नसते. मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचं असतं, म्हणजे तिथे औषध फवारता येतं आणि लोकांना सावध करता येतं. रानात जाताना अंग झाकणारे कपडे, अंगाला गोचीड दूर ठेवणारं तेल, आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ आणि अंग नीट तपासणं, एवढं तरी पाळायचं. पाचोळ्याच्या ढिगावर बसायचं नाही. ताप आला तर रानात गेलो होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं.

रानउंदीर मारून हा रोग जाणार नाही. तेवढे उंदीर मारणं कुणाच्या हातातही नाही. पण मजुरांना बागेत धाडणाऱ्या मालकानं तेलाची बाटली आणि पायात घालायला बूट दिले, तर एखादं घर वाचेल. माझ्या आजीच्या पिढीला 'उंदीर पडले' या दोन शब्दांत धोक्याची वर्दी मिळायची, आणि मेलेल्या उंदरावर राग काढत न बसता ती माणसं जीव वाचवायला निघायची. कोकणात आज ती वर्दी माकड देतं. आपल्याच रोगानं मेलेल्या त्या जिवाला गुन्हेगार न समजता त्याचा निरोप वेळेवर पोचवला, तरी पुष्कळ झालं.