साडेपाचपर्यंतचं कार्टून

भारतात कार्टून नेटवर्क सुरू झालं ते १ मे १९९५ रोजी. महाराष्ट्रात त्या दिवशी शाळांचे निकाल लागतात आणि पोरं मोकळी सुटतात. केबलवाल्याच्या दृष्टीनं याहून चांगला मुहूर्त नव्हता. मी तेव्हा इस्लामपुरात केबल चालवत होतो. गच्चीवर डिशा, खाली एका खोलीत रिसीव्हर आणि मॉड्युलेटरची रांग. तिला आम्ही कंट्रोल रूम म्हणायचो. या वाहिनीचा इतिहास लोक अमेरिकेपासून सांगतात. ते बरोबरच आहे, पण इथं ती रुजली ती अशा खोल्यांमधून, हे माझं ठाम मत आहे.

अमेरिकेची बाजू थोडक्यात अशी. टेड टर्नर यांनी १९८६ साली एमजीएमचा जुन्या चित्रपटांचा साठा घेतला, त्यात ‘टॉम अँड जेरी’ होतं. १९९१मध्ये हॅना-बार्बेरा स्टुडिओही त्यांच्याकडे आला. ‘फ्लिंटस्टोन्स’, ‘स्कूबी-डू’, ‘योगी बेअर’ त्याचेच. एवढा माल हाताशी आल्यावर ऑक्टोबर १९९२मध्ये तिकडे कार्टूनची स्वतंत्र वाहिनी निघाली. भारतात मात्र ती अर्ध्या दिवसाची आली. पहाटे साडेपाच ते संध्याकाळी साडेपाच कार्टून, आणि मग त्याच जागेवर टीएनटी, म्हणजे त्याच कोठारातले जुने हॉलिवूडपट.

आता आमची अडचण. घरोघरी जुने टीव्ही, त्यावर मोजकीच बटणं. १९९५च्याच केबल कायद्यानं दूरदर्शनला जागा देणं बंधनकारक केलेलं. झी आणि स्टार काढले तर गिऱ्हाईक दारात उभं राहणार. आमचा स्वतःचा पिक्चरचा चॅनल तर धंद्याचा कणाच होता. नवी वाहिनी घ्यायची म्हणजे आणखी एक रिसीव्हर, आणखी एक मॉड्युलेटर, आणि आधीच्या कुणाला तरी निरोप. तरीही कार्टूनला जागा मिळाली, कारण पोरांनी आईबापांना सोडलं नाही. महिन्याचे पैसे गोळा करायला गेलो की बाई पैसे हातात ठेवायच्या आधी विचारायच्या, “भाऊ, शेजारच्या पेठेत कार्टून दिसतंय, आमच्याकडं कधी लावताय?”

लावलं, आणि जून उजाडला. शाळा सुटायची पाचच्या पुढं. पोरगं धावत घरी येणार, दप्तर टाकणार, टीव्ही लावणार, तेवढ्यात साडेपाच वाजणार. जेरीच्या जागी कोटटोपी घातलेला कृष्णधवल गोरा माणूस इंग्रजी बोलायला लागला की कंट्रोल रूमचा फोन वाजायचा. “काका, कार्टून का बंद केलं?” उपग्रहावरूनच तसं येतं, हे सात वर्षांच्या पोराला पटत नसे, त्याच्या आजोबांनाही पटत नसे. पुढं कार्टूनची वेळ वाढत गेली, टीएनटीच्या जागी टीसीएम ही जुन्या चित्रपटांचीच वाहिनी आली, आणि १ जुलै २००१पासून कार्टून नेटवर्क चोवीस तासांचं झालं.

माझ्या लेखी मात्र खरं वळण १९९९चं. तोवर सगळं इंग्रजीत चालायचं. टॉम आणि जेरीला भाषा लागत नाही, पण फ्लिंटस्टोन कुटुंबाची सारी गंमत बोलण्यात. ते लागलं की आमच्या गल्लीतली पोरं उठून गोट्या खेळायला जायची. त्या वर्षी ‘स्वॅट कॅट्स’, ‘द मास्क’ यांसारखी कार्टून हिंदीत आली आणि पोरं जागची हलेनात. महिन्याभरात भांडणंसुद्धा हिंदीत सुरू झाली. पुढं तमिळ आलं, तेलुगूही आलं. चित्र तेच, सोबत आवाजाचे वेगवेगळे ट्रॅक. कुठला आवाज गावाला ऐकवायचा हे रिसीव्हरवर आम्ही ठरवायचो. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पोरं घालणारे पालक इंग्रजीच ठेवा म्हणायचे. मी हिंदी ठेवली. वाड्यावस्त्यांवरच्या पोरांनाही महिन्याचे तेवढेच पैसे पडत होते. मराठी ठेवायचा प्रश्नच नव्हता, त्या यादीत मराठी नव्हतीच.

त्यानंतर गर्दी झाली. १ जानेवारी २००४ला टर्नरच्याच घरातून पोगो आलं, त्याच वर्षी हंगामा आणि डिस्नेही आले. मला त्याहून मोलाचं वाटतं ते देशी काम. तिरुवनंतपुरमच्या टून्झनं केलेला ‘तेनाली रामन’ २००३ साली कार्टून नेटवर्कवर लागला. मग २००८मध्ये हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा, राजीव चिलकांचा ‘छोटा भीम’ पोगोवर आला. लाडू खाणाऱ्या, धोतर नेसलेल्या त्या पोरानं परदेशी पात्रांना मागं टाकलं, दप्तरं आणि डबे व्यापले.

हे बघताना अभिमान वाटायचा आणि सलायचंही. हलत्या आगकाड्यांचा खेळ पडद्यावर दाखवणारे दादासाहेब फाळके आपले, साल १९१५. डिस्नेचे क्लेअर वीक्स १९५६ साली भारतीय चित्रकारांना अ‍ॅनिमेशन शिकवायला आले ते मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये. अ‍ॅनिमेशनकार राम मोहन तिथंच घडले. एवढी पुंजी ज्या राज्यात, तिथली पोरं आपल्या भाषेतल्या आवाजाविना वाढली. एक मराठी ट्रॅक आला असता तर तो लावायला मला वरिष्ठांची परवानगी नको होती, नवी डिश नको होती. रिसीव्हरवरचं एक बटण पुरलं असतं.