हृद्‌निष्फलता : लक्षणे व औषधमात्रा

शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्यास हृदय असमर्थ ठरणे, किंवा हृदयातील दाब वाढल्यावरच ते कार्य होऊ शकणे, या स्थितीस हृद्‌निष्फलता म्हणतात. व्यवहारात ती हार्ट फेल्युअर या नावाने परिचित आहे. दम लागणे, पायांवर शोफ (सूज) येणे व थकवा ही तिची प्रमुख लक्षणे होत. ती कमीजास्त होत राहतात आणि रुग्ण बहुतेक काळ घरीच असतो. त्यामुळे लक्षणे पाहून औषधाची मात्रा केव्हा व किती बदलावी, हा बाह्यरुग्ण चिकित्सेतील जुना प्रश्न आहे.

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार प्रथम विल्यम विदरिंग (१७४१–९९) या इंग्रज वैद्यांनी केला. श्रॉपशरमधील एका वृद्ध स्त्रीने गुप्त राखलेल्या, शोफावरील घरगुती औषधाविषयी १७७५ मध्ये त्यांचे मत विचारण्यात आले. वीस वा अधिक वनस्पतींच्या त्या मिश्रणातील गुणकारी घटक डिजिटॅलिस (तिलपुष्पी) हाच असावा, हे त्यांनी ओळखले. बर्मिंगहॅम येथे ते गरीब रुग्णांना विनामूल्य सल्ला देत व अशा रुग्णांची वार्षिक संख्या दोन ते तीन हजार असे. या रुग्णांवर औषध वापरताना आरंभीच्या मात्रा फार मोठ्या होत्या, असे त्यांना आढळून आले. १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी पानांच्या पुडीची मात्रा प्रौढास १ ते ३ ग्रेन (सु. ६५ ते १९५ मिग्रॅ.) दिवसातून दोनदा अशी सांगितली. वृक्क, जठर, नाडी वा आतडी यांपैकी कोठेही परिणाम दिसू लागताच औषध थांबवावे, हा त्यांचा नियम होता. उपयुक्त व विषारी मात्रांमधील अंतर थोडे असल्याने रुग्णाचे निरीक्षण हाच मात्रेचा मापदंड ठरला.

विसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स मॅकेंझी (१८५३–१९२५) यांनी बर्नली येथील आपल्या व्यवसायात नाडीचे आलेख घेतले. अलिंदांच्या अनियमित कंपनामुळे नाडी जलद झालेल्या रुग्णांना डिजिटॅलिसाचा विशेष उपयोग होतो, हे त्यातून स्पष्ट झाले. १९२८ मध्ये न्यूयॉर्क हार्ट ॲसोसिएशनने श्रमाच्या वेळी होणाऱ्या त्रासानुसार रुग्णांचे चार वर्ग ठरविले. ही वर्गवारी आजही वापरली जाते. पाऱ्याची संयुगे १९२० च्या सुमारास मूत्रल (लघवीचे प्रमाण वाढविणारी) औषधे म्हणून प्रचारात आली. पुढे क्लोरोथायाझाइड (१९५० नंतरच्या दशकात) व फ्युरोसेमाइड (१९६० नंतरच्या दशकात) ही तोंडाने घेता येणारी औषधे उपलब्ध झाली. तीन दिवसांत वजन दोन किग्रॅ.हून अधिक वाढल्यास शरीरात पाणी साचत असल्याचा संशय येतो. अशा वेळी वैद्यांच्या सल्ल्याने मूत्रलाची मात्रा वाढविली जाते व शोफ ओसरल्यावर ती कमी केली जाते. येथे लक्षणे व मात्रा यांचा संबंध सरळ आहे.

अन्य औषधांच्या बाबतीत मात्र तो तसा नाही, हे १९८० नंतर दिसून आले. १९८७ मध्ये स्कँडिनेव्हियातील अतिगंभीर अवस्थेतील २५३ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण एनलाप्रिलामुळे ४४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. याउलट १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६,८०० रुग्णांच्या चाचणीत डिजॉक्सिनाने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग कमी झाले, पण एकूण मृत्युसंख्या घटली नाही. बीटा-रोधक औषधे तर या विकारात वर्ज्य मानली जात. १९७५ मध्ये गॉथेनबर्ग येथील वैद्यांनी त्यांचा उपयोग दाखविला आणि १९९९ मधील मोठ्या चाचण्यांनी तो सिद्ध केला. ही औषधे अल्प मात्रेत सुरू करून सामान्यतः दर दोन आठवड्यांनी वाढवितात. आरंभी थकवा वा शोफ वाढू शकतो. त्या वेळी घाईने औषध सोडल्यास पुढील लाभ गमावला जातो.

बरे वाटू लागल्यावर औषध बंद करण्याची प्रवृत्ती अधिक घातक असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, हृदयाचे कार्य पूर्ववत झालेल्या व लक्षणे नसलेल्या २५ रुग्णांची औषधे टप्प्याटप्प्याने थांबविली असता, ११ जणांत सहा महिन्यांच्या आत विकार उलटला. रुग्णालयातून घरी गेल्यावर दोन आठवड्यांत औषधे पूर्ण मात्रेपर्यंत नेणे व वरचेवर तपासणी करणे हितावह असते, असे २०२२ मधील १,०७८ रुग्णांच्या चाचणीत आढळले. या वाढीवर रक्तदाब, नाडीची गती, वृक्कांचे कार्य व रक्तातील पोटॅशियम यांची मर्यादा असते.

तात्पर्य, विदरिंग यांचा निरीक्षणाचा आग्रह आजही ग्राह्य आहे, परंतु निरीक्षणाचा अर्थ व्यापक झाला आहे. मूत्रलाची मात्रा लक्षणांमागून जाते. आयुष्य वाढविणाऱ्या औषधांची मात्रा लक्षणे ओसरल्यावरही ठरलेल्या मर्यादेपर्यंत न्यावी व टिकवावी लागते. लक्षणे नाहीशी होणे म्हणजे विकार नाहीसा होणे नव्हे.