डिस्कची विचारपूस

आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. या पट्ट्यात उन्हाळी कांदा एकदा चाळीत पडला की घरातलं कोणीतरी अधूनमधून तिकडे चक्कर मारतंच. वरून ढीग खणखणीत दिसतो. सड लागते ती आत, तळाला. आधी वास येतो, मग खाली ओल दिसते, चिलटं घोंघावायला लागतात. एवढी खूण पुरते. ढीग मोडायचा, निवडायचा, उरलेला कांदा वाचवायचा.

तिथून फार लांब नाही, नारायणगावच्या पुढे जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, साठवण होते ती आकाशातून आलेल्या रेडिओलहरींची. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची ही जीएमआरटी दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. 2010 ते 2012 या काळात तिने 150 मेगाहर्ट्‌झला आकाशाची पाहणी केली. ती निरीक्षणं जपून ठेवलेली होती म्हणूनच पुढे नव्या पद्धतीने पुन्हा तपासता आली, आणि 2017 मध्ये जवळपास 90 टक्के आकाशाचा नकाशा आणि सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची यादी जगापुढे आली. निरीक्षण आणि निष्कर्ष यांच्यात अशी वर्षं जातात. तेवढा काळ माहिती शाबूत राहायला हवी, आणि ज्यावर ती ठेवायची ती डिस्क तर फिरणारं यंत्र.

कांद्याला वास येतो. डिस्कला येत नाही. मग ती आतून बिघडत चालली आहे हे ओळखायचं कसं?

1956 मध्ये आयबीएमने डिस्क असलेला रॅमॅक संगणक बाजारात आणला, तेव्हा हा प्रश्न इतका अवघड नव्हता. 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या, कपाटाएवढं धूड आणि त्यात मावणारी अक्षरं 50 लाख. असं यंत्र डोळ्यांसमोर असे, त्याचा आवाज कानावर पडत असे. पुढे डिस्क लहान झाली, बंद डबीत गेली आणि शेकड्यांनी वापरात आली.

1988 मध्ये बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी काट्झ यांनी एका निबंधात साधा हिशेब मांडला. एक डिस्क सरासरी 30,000 तास टिकते असं धरलं, तर 100 डिस्कच्या संचात पहिली डिस्क सरासरी 300 तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच जाणार. त्यावरचा त्यांचा तोडगा म्हणजे रेड: माहिती अनेक डिस्कवर वाटून ठेवायची आणि सोबत जादा माहिती अशी ठेवायची, की एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून तिच्यातला मजकूर पुन्हा उभा करता यावा. हे काम अंगावर घेणारं कार्ड म्हणजे रेड कंट्रोलर. तो आठ-दहा डिस्क एकत्र बांधतो आणि सर्व्हरला एकच मोठी डिस्क असल्याचं दाखवतो.

सोय मोठी, पण धोकाही तिथेच. एक डिस्क मरते, काम मात्र चालूच राहतं. कोणी पाहिलं नाही तर कोणाला कळतही नाही. एकाच डिस्कची तूट सोसू शकणाऱ्या संचातली दुसरी डिस्क गेली की सगळंच जातं. ज्या कंट्रोलरने माहिती वाचवायची, त्याच्याच आड आजारी डिस्क लपते.

डिस्कलाच बोलतं करण्याचे प्रयत्न 1990च्या दशकात सुरू झाले. आधी आयबीएमने 1992 मध्ये बिघाडाची पूर्वसूचना देणारी सोय आणली, मग कॉम्पॅकने काही डिस्क उत्पादकांबरोबर आपली पद्धत तयार केली. त्यातून 1995च्या सुमारास सामायिक मानक आकाराला आलं, त्याचं नाव स्मार्ट. योगायोग असा की खोडदच्या अँटेनांच्या रचनेचं नावही स्मार्टच. दोरांच्या ताणावर बसवलेल्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पोलादी तारांच्या जाळीसाठी ते नाव दिलं गेलं.

डिस्कचं स्मार्ट म्हणजे तिने स्वतः लिहिलेली वही. त्यातली 197 क्रमांकाची नोंद बहुतेक डिस्कमध्ये वाचता न आलेल्या, निकालाची वाट पाहणाऱ्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या छोट्या कप्प्यांची. अशा सेक्टरवर पुन्हा लिहिताना तो निकामी ठरला, तर डिस्क राखीव जागेतला सेक्टर त्याच्या बदली लावते आणि 5 क्रमांकाच्या नोंदीत भर पडते. ढिगातला सडका कांदा उचलला गेला; पण किती उचलले, तो आकडा बघायचा.

वही होती, ती सहज वाचता येईल असं हत्यार हवं होतं. ते घडवणाऱ्यांत पुढे होते ब्रूस अ‍ॅलन, गुरुत्वीय लहरींचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ. शेकडो संगणकांचा ताफा त्यांना सांभाळायचा होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ आवारात तयार झालेल्या जुन्या प्रोग्रामच्या आधाराने त्यांनी 2002 मध्ये स्मार्टमॉनटूल्स सुरू केलं आणि ते सर्वांना मोफत दिलं. कंट्रोलरच्या पलीकडची नेमकी तिसरी किंवा पाचवी डिस्क हाक मारून तपासण्याची सोय त्यात आली. प्रत्येक कंट्रोलरची भाषा वेगळी, म्हणून प्रत्येकासाठी वेगळी खटपट करावी लागली. 

या वहीवर आंधळा विश्वास मात्र ठेवता येत नाही. 2007 मध्ये गुगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक दिसल्यावर पुढच्या 60 दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता 39 पट वाढते, असं त्यांना आढळलं. पण गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी सर्वांत भरवशाच्या चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणून जाणती माणसं डिस्कबरोबर कंट्रोलरची बॅटरी, डिस्कच्या पेटीतले पंखे आणि वीजपुरवठाही तपासतात, आणि माहितीची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवतात.

स्मार्टमॉनटूल्सचा पहारेकरी प्रोग्राम, मुद्दाम बदललं नाही तर, दर 30 मिनिटांनी डिस्कची विचारपूस करतो आणि काही बिनसलं तर ईमेल धाडतो. ईमेल आल्यावर कोणीतरी सर्व्हरच्या खोलीत जातं. समोर एकसारख्या डिस्कची रांग असते. आजारी डिस्कऐवजी शेजारची धडधाकट डिस्क ओढली, तर आधीच लंगडा झालेला संच तिथेच कोसळू शकतो. म्हणून आधी कंट्रोलरला हुकूम द्यायचा: त्या डिस्कपाशी दिवा लुकलुकतो, अनुक्रमांक ताडून पाहायचा, आणि मगच खिट्टीला हात घालायचा.