कुलाब्याची नोंदवही व किल्लारीची भूमी



आपल्या नांदेड व लातूर येथील कुटुंबांच्या वंशावळी जमविण्याचे काम मंडळाने ह्या वर्षी आमच्याकडे सोपविले. नांदेडकडील बहुतेक घरांतून जुने कागद मिळाले. परंतु लातूरकडील काही घरांतून एकच उत्तर आले, ते असे की, वही किल्लारीच्या भूकंपात गेली. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंतचतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव निजले असता, पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. आमच्या आजोळची वहीही त्याच ढिगाऱ्यात राहिली. त्या भूमीच्या पोटात काय होते, हे विद्वानांनी कसे शोधले ते पाहू लागलो, आणि तो शोध आम्हांस थेट कुलाब्याच्या एका जुन्या नोंदवहीपर्यंत घेऊन गेला. तीच हकीकत येथे सादर करीत आहो.

होकायंत्राची सुई ज्या बलाने उत्तर दाखविते, ते पृथ्वीचे चुंबकत्व स्थिर नसते. सूर्यापासून विद्युत्भारित कणांचा प्रवाह अखंड वाहत असतो. त्यात खळबळ झाली की पृथ्वीभोवतीचे चुंबकक्षेत्र डोलू लागते, आणि त्या डोलण्याने जमिनीच्या पोटात अतिशय क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात. ते मोजले असता कोणत्या खोलीवरचा खडक वीज सहज वाहू देतो व कोणता अडवितो, हे जमीन न खणता कळते. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी किल्लारीच्या परिसरात हा प्रयोग केला. काही किलोमीटर खोलीवर त्यांस वीज सहज वाहून नेणारा भाग आढळला, आणि तेथील खडकांच्या भेगांत द्रव असावेत असे अनुमान त्यांनी काढले. किल्लारीजवळ भोक पाडूनही पाहण्यात आले. तेव्हा आपल्या परिचयाचा काळा पाषाण ३३८ मीटरपर्यंत लागला व त्याखाली त्याहून कितीतरी प्राचीन खडक आढळला. आकाशातील खळबळीच्या साह्याने पाताळ पाहावे, अशी ही विद्या आहे.

महाराष्ट्रात ह्या विद्येचे मूळ जुने आहे. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली, ती मुख्यतः ज्योतिषविषयक वेध व वेळ यांसाठी. चुंबकत्वाचे वेध तेथे १८४१ साली ऑर्लिबार यांच्या हाताखाली सुरू झाले. ह्याच ऑर्लिबारांचे एक तरुण सहायक म्हणजे अलिबागेजवळील नागावचे केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यास गणिताचे अध्यापक म्हणून त्यांनी कीर्ती मिळविली आणि लोकमान्य टिळकांसारखा शिष्य त्यांस लाभला. वेधशाळेतील काम मात्र कीर्तीचे नव्हते. ठरल्या तासाला उपकरणापाशी जावे, डोळ्यांनी आकडा वाचावा, वहीत टिपावा. पावसाळा असो वा सण असो, हा क्रम चुकवावयाचा नाही.

१८५९ सालच्या सप्टेंबरात ह्या व्रताची परीक्षा झाली. १ सप्टेंबर रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन ह्या ज्योतिषविदाने सूर्यबिंबावर अकस्मात् प्रखर तेज पाहिले. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी सौर वादळ पृथ्वीवर येऊन आदळले व युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली. कुलाब्यास चुंबकाचे क्षितिजसमांतर बल सुमारे १,६०० नॅनोटेस्ला, म्हणजे शंभरातील चार भागांच्या आसपास, खाली गेले. एरवीच्या शांत दिवशी हा फरक काही दशकांचाच असतो. असे असूनही, आकडा अविश्वसनीय म्हणून कोणी तो खोडला नाही, की सोयीचा करून लिहिला नाही. जसा दिसला तसा तो वहीत उतरला.

त्याच वर्षी, ऑक्टोबरात, नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांचा जन्म झाला. १८९६ साली ते वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक झाले. लवकरच मुंबईत विजेच्या ट्रॅमगाड्या आणण्याचे ठरले. त्या विजेने चुंबकाचे वेध दूषित होणार, हे उघड होते. मूस यांनी शहराच्या प्रगतीशी भांडण मांडले नाही. वेधांनाच त्यांनी सुमारे ३० किलोमीटरवर अलिबागेस नेले. तेथील इमारती लोखंडावाचून, पोरबंदरच्या दगडात उभारल्या. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन त्यांनी जुन्या मालिकेचा धागा नव्या मालिकेशी जोडून दिला. मुंबईत विजेची ट्रॅम धावली ती १९०७ साली. पुढे १८४६ ते १९०५ ह्या साठ वर्षांच्या वेधांचे विवेचन त्यांनी १९१० साली दोन खंडांत प्रसिद्ध केले. ही परंपरा आज भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवीत आहे. ती १९७१ पासून स्वायत्त आहे.

१८५९ सालच्या त्या आकड्याचा पूर्ण अर्थ उलगडावयास १४४ वर्षे लागली. २००३ साली ह्याच संस्थेचे गुरबक्षसिंग लखिना व शोभना अॅलेक्स यांनी त्सुरुतानी व गोन्झालेझ या परदेशी सहकाऱ्यांसह कुलाब्याच्या नोंदींवरून त्या वादळाची तीव्रता प्रसिद्ध केली. १९८९ साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात सौर वादळाने सुमारे ६० लक्ष लोकांची वीज नऊ तास गेली. १८५९ चे वादळ त्याहूनही प्रबळ होते. आजचे उपग्रह व विजेच्या तारा किती मोठ्या आघाताला तोंड देण्यास सिद्ध असाव्यात, ह्याचे एक माप त्या वहीने जगास दिले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चुंबकाच्या वेधांवरून भूकंपाचा दिवस आधी सांगता येत नाही, आणि तसे सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवू नये. घर बळकट बांधणे, हाच आज आपल्या हातचा उपाय आहे.

परंतु ज्यांनी त्या दिवशी आकडा टिपला, त्यांस त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. तरी त्यांनी तो प्रामाणिकपणे टिपला, व मूस यांनी तो धागा तुटू दिला नाही. ज्यांच्या वह्या किल्लारीच्या मातीत गेल्या, त्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस जे नाव, जे गाव, जे साल स्मरत असेल, ते त्यांनी आजच लिहून मंडळाकडे धाडावे. आठवत नसेल तेथे जागा कोरी ठेवावी. अंदाजाने भरू नये. गेलेल्यांची नावेही त्यात अवश्य असावीत. आमच्या आजोळची जेवढी नावे आम्हांस आठवली, तेवढी ह्या अंकाच्या वंशावळीत प्रथमच घातली आहेत.