दोन अल्योशा : युद्ध, प्रेम आणि सोव्हिएत स्मृती

१/
१५ जानेवारी १९५९ रोजी सोव्हिएत संघात महायुद्धानंतरची पहिली जनगणना सुरू झाली. लोकसंख्या भरली सुमारे २० कोटी ८८ लाख. त्यांत पुरुष ९ कोटी ४० लाख आणि स्त्रिया ११ कोटी ४८ लाख. दोन कोटींहून मोठी ही तफावत मुख्यतः युद्धाने निर्माण केली होती.

२/
त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. एकोणीस वर्षांचा सैनिक, मालगाडीत भेटलेली एक मुलगी आणि सहा दिवसांची रजा एवढेच त्याचे कथानक. हे कथानक त्या काळी इतके महत्त्वाचे का ठरले, हे समजण्यासाठी दहा वर्षे मागे जावे लागते.

३/
१९५० च्या जानेवारीत मिखाईल चिआउरेली यांचा ‘द फॉल ऑफ बर्लिन’ पडद्यावर आला. त्याच्याही नायकाचे नाव अल्योशा. हा पोलाद कामगार नताशा नावाच्या शिक्षिकेवर प्रेम करतो आणि आपली व्यथा सांगतो ती थेट स्टालिनला. बागकाम करणारा स्टालिन त्याला प्रेमाविषयी सल्ला देतो.

४/
शेवटी विजयी बर्लिनमध्ये स्टालिनचे विमान उतरते आणि छळछावणीतून सुटलेली नताशा त्याचे आभार मानते. प्रत्यक्षात बर्लिन पडल्यावर स्टालिन असा विमानाने तेथे उतरलाच नव्हता. १९५६ मधील गुप्त भाषणात ख्रुश्चेव्हने व्यक्तिपूजेचा दाखला म्हणून याच चित्रपटाचा नावानिशी उल्लेख केला.

५/
स्टालिनच्या काळात मृतांविषयी बोलणेही अवघड होते. १९४६ मध्ये त्याने मृतांचा आकडा सुमारे ७० लाख सांगितला. १९४८ पासून ९ मे या विजयदिनाची सुट्टी रद्द झाली, ती १९६५ मध्येच परत मिळाली. घरोघरी शोक होता. त्याला सार्वजनिक जागा मात्र फारशी नव्हती.

६/
दिग्दर्शक ग्रिगोरी चुख्राय यांचा जन्म १९२१ चा. छत्रीधारी सैनिक म्हणून ते लढले, स्टालिनग्राडच्या आघाडीवर होते आणि अनेकदा जखमी झाले. त्यांचे समवयस्क मोठ्या संख्येने मारले गेले होते. वालेंतिन येझोव्ह यांच्यासह त्यांनी ही पटकथा लिहिली ती याच पिढीविषयी.

७/
प्रमुख भूमिकांसाठी आधी निवडलेले कलावंत चुख्राय यांनी बदलले. त्यांच्या जागी व्लादिमीर इवाशोव्ह आणि झान्ना प्रोखोरेन्को हे विद्यार्थी आले. दोघेही जेमतेम एकोणीस वर्षांचे. युद्धावर गेलेली मुले किती कोवळी होती, हे प्रेक्षकांना चेहऱ्यांवरूनच कळणार होते.

८/
या अल्योशाचे शौर्य भीतीतून येते. रणगाडा पाठलाग करतो तेव्हा तो जीव घेऊन पळतो, आणि पळता पळता हाती लागलेल्या रणगाडाविरोधी बंदुकीने दोन रणगाडे निकामी करतो. सेनापती पदक देऊ करतो. अल्योशा त्याऐवजी आईला भेटून घराचे गळके छप्पर दुरुस्त करण्याची परवानगी मागतो.

९/
जायला दोन दिवस, यायला दोन, छपरासाठी दोन, असा हिशेब ठरतो. मात्र वाटेत भेटणारी माणसे त्यातला वेळ घेत जातात. एक पाय गमावलेला सैनिक पत्नीसमोर जायला कचरतो; ती स्थानकावर येऊन त्याला मिठी मारते. दुसऱ्या सैनिकाने पत्नीसाठी धाडलेला साबण घेऊन अल्योशा जातो, तर तिच्या घरी परपुरुष असतो. तो साबण परत घेतो आणि सैनिकाच्या वडिलांच्या हाती देतो.

१०/
मालगाडीत लपून निघालेली शूरा आधी त्याला घाबरते. आपण जखमी वैमानिक वाग्दत्ताकडे चाललो आहोत, असे ती सांगते. निरोपाच्या वेळी मात्र असा कोणी वाग्दत्त नसल्याचे कबूल करते. ती आपल्याला प्रेमाचीच कबुली देत होती, हे अल्योशाला उमगते तेव्हा गाडी पुढे गेलेली असते. धावत्या गाडीतून त्याने ओरडून सांगितलेले गावाचे नावही खडखडाटात विरून जाते.

११/
घरी पोहोचल्यावर त्याच्याकडे काही क्षणच उरतात. छप्पर तसेच राहते. तो परतणार नाही, हे निवेदकाने आरंभीच सांगितलेले असते: त्याची कबर परक्या भूमीत आहे आणि तिच्यावर अनोळखी माणसे फुले वाहतात. त्यामुळे अल्योशा आणि शूरा यांच्यातील प्रत्येक संकोच पाहताना, या दोघांना पुढे वेळ मिळणार नाही, याची जाणीव प्रेक्षकाला असते.

१२/
या मोकळेपणालाही मर्यादा होत्या. पहारेकरी डबाबंद मांसाची लाच मागतो, पण त्याचा अधिकारी न्यायी निघतो. सेनापतीही दयाळू आहे. ‘एक पाऊलही मागे नाही’ हा १९४२ चा कठोर आदेश, युद्धकैद्यांवर घेतला गेलेला संशय, स्टालिनकालीन अटका यांचा येथे मागमूस नाही. दुःख मांडता येत होते. त्याची जबाबदारी कोणाची, हे विचारणे अजून दूर होते.

१३/
चित्रपट १९६० मध्ये कानला गौरवला गेला, ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार त्याला मिळाला, पटकथेला ऑस्करचे नामांकन लाभले. मायदेशी त्याला लेनिन पारितोषिक मिळाले. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकी प्रेक्षकांनीही शत्रुराष्ट्राच्या या सैनिकाची कथा पाहिली.

१४/
१९६१ मध्ये ख्रुश्चेव्हने मृतांचा आकडा २ कोटी सांगितला. मॉस्कोतील अज्ञात सैनिकाच्या समाधीवर अखंड ज्योत पेटली ती १९६७ मध्ये. सुमारे २ कोटी ७० लाख हा आज सामान्यतः स्वीकारला जाणारा आकडा अधिकृतपणे जाहीर व्हायला १९९० उजाडले.

१५/
पहिल्या अल्योशाला त्याची नताशा मिळाली, कारण त्या कथेत इतिहास घडवणारा स्टालिन होता आणि त्याच्या विजयात कोणाचे काही कायमचे हरवलेले दाखवायचे नव्हते. दुसऱ्या अल्योशाची शूरा फलाटावरच राहिली. १९५९ च्या जनगणनेतील दोन कोटींहून अधिक स्त्रियांपैकी अनेकींना तिची ओळख वेगळी करून द्यावी लागली नसावी.